पाणवठ्यावरचं मचाण: मोठ्या शिंगांचा नर दिसावा म्हणून

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याकाठच्या मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करून आलेल्यांची तक्रार ठरलेली असते. चितळं आली, डुकरं आली, मोर आले, पण मोठ्या शिंगांचा नर काही दिसला नाही. बहुतेक वेळा तो आलेला असतो. झाडीच्या कडेला पाच-दहा मिनिटं उभं राहून त्यानं मचाणाचा अंदाज घेतलेला असतो आणि तिथूनच परत फिरलेला असतो. वर बसलेल्यांना पत्ताही नसतो.

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा जुना नर धनुष्यबाणानं टिपायला लोक झाडावर बैठक बांधून दिवस-दिवस बसतात. आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद झाली, मचाण तेवढं राहिलं. हाती बाणाऐवजी दुर्बीण असली तरी गणित तेच आहे. जुना नर सगळ्यात शेवटी येतो, आणि तोपर्यंत आपण स्वतःला किती उघडं पाडलं यावर तो पुढे येतो की नाही ते ठरतं. त्यामुळे रात्रीची तयारी आदल्या दिवशीच्या धुण्यापासून सुरू होते.

नागपूरकरांना पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही जंगलं जवळ, ताडोबा आणि नवेगाव-नागझिरा थोडे लांब. मचाणाचा कार्यक्रम वनविभाग सहसा ‘निसर्गानुभव’ या नावानं जाहीर करतो. शुल्क, वयाची अट आणि कॅमेऱ्याचे नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका.

मे महिन्यात कुणाच्या डोक्यावर काय असतं

हे आधी डोक्यात पक्कं बसवा, नाहीतर नर समोर येऊन जाईल आणि तुम्ही मादी म्हणून लिहाल. चितळ, सांबर आणि भेकर यांची शिंगं गळून पुन्हा येतात. रानगवा, रोही (नीलगाय) आणि चौसिंगा यांची एकदा आली की कायमची.

मध्य भारतात उन्हाळा हा चितळांच्या माजाचा काळ. मोठ्या नरांची शिंगं या वेळी घासून पक्की झालेली, टोकं पांढरट आणि अणकुचीदार. प्रत्येक शिंगाला साधारण तीन टोकं असतात, एक कपाळाजवळ पुढे आलेलं आणि दोन वर. शिंगाची लांबी नाकापासून कानापर्यंतच्या अंतराच्या अडीच-तीनपट वाटली, मान जाड असली आणि तोंडावरचा काळा पट्टा ठसठशीत असला तर नर भरात आहे असं धरा. सगळ्याच नरांचं चक्र मात्र एका वेळी चालत नाही. त्याच कळपात एखाद्या नराची शिंगं अजून वाढत, मखमली लवेखाली असू शकतात. ती जाड आणि बोथट टोकांची दिसतात. लांबून बघणारा त्यालाच ‘दणकट शिंगं’ समजतो.

सांबराचं उलटं आहे. त्याचा माज हिवाळ्यात, आणि शिंगं गळतात ती उन्हाळ्यात. म्हणजे बुद्धपौर्णिमेला पाण्यावर आलेला जंगी सांबर बोडका असू शकतो, किंवा त्याच्या डोक्यावर नुकते फुटलेले लवेचे खुंट असू शकतात. मग ओळखायचा कसा? मानेवरचे राठ लांब केस, खांद्यापाशी भरलेलं अंग आणि काळपट रंग यावरून. डोक्यावर शिंगांच्या बुडाचे दोन उंचवटेही दुर्बिणीतून दिसतात. गळ्याखाली केस गेलेला लालसर, ओलसर चट्टा दिसला तर जखम म्हणून नोंदवू नका. सांबरांमध्ये तो पुष्कळदा असतो.

रानगव्याचा नर काळा आणि पाठीवर उंच वशिंडाची कड असलेला, मादी तपकिरी. रोह्याचा नर राखी-निळसर आणि आखूड शिंगांचा, मादी पिवळट तपकिरी. यात फारसा घोटाळा होत नाही.

पाणवठा कोणता

मचाण बहुधा चिठ्ठीनं किंवा क्रमानं मिळतं, पण गेट निवडणं हाती असतं. जवळ मोठं पाणी असेल तर जनावर एका जागी येत नाही. तोतलाडोह धरणाच्या काठाकडचं किंवा गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याजवळचं मचाण दिवसा देखणं वाटतं, पण तिथे हरणाला मैलभर काठ मोकळा असतो, ते तुमच्याच समोर का येईल? त्यापेक्षा कोरड्या सागाच्या जंगलातली, सोलर पंपावर भरणारी सिमेंटची बशी बरी. दिसायला काही नाही, पण आसपासच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये तेवढंच पाणी असेल तर सगळ्यांना तिथेच यावं लागतं. एखादी जुनी बोडी, म्हणजे छोटं तळं, असेल आणि तिच्या एका अंगाला दाट झुडूप असेल तर आणखी चांगलं. उघड्यावरून चालत यायला जुना नर कचरतो.

आठवड्यात अवकाळी पाऊस झाला असेल तर अपेक्षा निम्मी करा. खड्ड्या-नाल्यांत पाणी साचतं आणि पाणवठा ओस पडतो. यात मचाणाचा किंवा वनरक्षकाचा काही दोष नाही.

पोचल्यावर गाडीतूनच काठाचा चिखल बघून घ्या. चितळाचा खूर साधारण पाच सेंटीमीटर लांब, सांबराचा सात-आठ. कडा धारदार आणि आत ओल असेल तर ताजा. खाली उतरून काठापर्यंत चालत जाण्याचा मोह होतो, तो आवरा. तुमच्या चपलेचा वास तिथे रात्रभर राहतो.

वास

निम्मी मचाणं इथेच फुकट जातात. मे महिन्यात नागपूरच्या जंगलात दुपारी पश्चिमेकडून गरम झळा वाहतात. तेव्हा वास कुठे जातो ते कळतं आणि जनावरही त्या हिशेबानं वाऱ्याच्या खालच्या बाजूनं येतं. सूर्य बुडाला की वारा पडतो. त्यानंतर थंड होणारी हवा जड होऊन उतारानं खाली सरकते. पाणवठा असतो सखल भागात, मचाण असतं काठावरच्या झाडावर. म्हणजे रात्री तुमचा वास आपोआप पाण्याकडे उतरतो. यावर इलाज एकच, वास कमीत कमी ठेवणं.

आदल्या दिवशी कपडे बिनवासाच्या साबणानं किंवा नुसत्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. कपाटात डांबरगोळ्यांत ठेवलेला शर्ट नको. सकाळी अंघोळीला सुवासिक साबण नको, डिओ नको, केसांना तेल नको. उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवायची आपल्याकडची सवय घरीच राहू द्या. डास घालवायचं मलम आणि अगरबत्ती या दोन गोष्टी तर हरणाला ओरडून सांगतात. त्याऐवजी पूर्ण बाह्या, पायमोजे आणि चेहऱ्यावर सुती दुपट्टा.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण. घोटायचा आवाज, चुन्याचा-तंबाखूचा वास, मग पिचकारी. एका पुडीत तिन्ही आले. व्याघ्रप्रकल्पात तो चालतही नाही. ज्याला रात्रभर त्याशिवाय जमणार नाही त्यानं मचाणाच्या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जेवणही याच हिशेबानं. सावजी रस्सा, लोणचं, चकली, चिवडा नको. साध्या पोळ्या किंवा दशम्या, गूळ, केळी, भिजवलेले चणे. सगळं फडक्यात बांधा. प्लास्टिकच्या पुडीची चुरचुर शांत रात्री पन्नास मीटरवर ऐकू जाते.

पाणी माणशी चार-पाच लिटर, सोबत जलसंजीवनीच्या, म्हणजे ओआरएसच्या, दोन पुड्या. दुपारी तीन-चारला मचाणावर चढता तेव्हा पारा ४४-४५ अंशांवर असू शकतो, आणि पानगळीनंतर सागाची सावली नावापुरती उरते. घाम येणं थांबून अंग तापलं, डोकं गरगरलं किंवा बोलणं अडखळलं, तर नर-बिर विसरून लगेच वनरक्षकाला सांगायचं.

आवाज आणि रंग

पातळ प्लास्टिकची बाटली दाबली की तडतडते. जाड प्लास्टिकची आणा, स्टीलची असेल तर जुन्या मोज्यात घाला. पिशवीची चेन आधीच उघडी ठेवा. व्हेलक्रोचे खिसे नकोत. मोबाइल बंदच करा, कंप पावणारा फोन बांबूवर ठेवला की ढोल वाजतो. खोकल्यासाठी खडीसाखर तोंडाशी येईल अशी ठेवा. शेजारी घोरणारा असेल तर आलटून-पालटून जागं राहायचं ठरवून घ्या.

हरणाला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, पण निळा रंग चांगला दिसतो. त्यामुळे जीन्स घालून मचाणावर जाऊ नका. पांढरेपणा आणणाऱ्या पावडरीनं धुतलेला कपडाही संधिप्रकाशात त्याच्या डोळ्याला उजळ लागतो. मातकट, खाकी, जुनाट हिरवा बरा. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावा आणि ती फक्त नोंदवहीवर, गुडघ्यांच्या आत धरून लावा.

चढणं आणि बसणं

जमिनीपासून बारा-पंधरा फुटांवर बांबूची ताटी, सागाच्या बल्ल्या, सुंभ किंवा तार, भोवती पानांचा आडोसा. काही ठिकाणी लोखंडी मचाण असतं. अमेरिकेतले शिकारी कंबर-खांद्याला पट्टा घालून स्वतःला झाडाशी अडकवतात, कारण माणसं बसल्या जागेवरून पडतात त्यापेक्षा चढता-उतरताना जास्त पडतात. इथेही तेच. शिडी चढताना दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात कायम टेकलेले हवेत. पाठीवर पिशवी नको, वर गेल्यावर दोरीनं ओढून घ्या. चढण्याआधी बुडाशी आणि ताटीखाली लाल मुंग्या, गांधीलमाशा बघा. आसपासच्या झाडावर आग्या मोहोळ असेल तर वनरक्षकाला विचारल्याशिवाय चढू नका.

वर गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं ताटी करकरते कुठे ते शोधण्यात घाला. ज्या बांबूवर वजन पडलं की आवाज येतो तिथे सतरंजीची घडी टाका किंवा ती जागा सोडा. आडोशात दुर्बिणीपुरत्या दोन फटी पाडा, एक बसल्या उंचीला आणि एक थोडी खाली. डोकं आडोशाच्या वर काढून बघायचं नाही. आकाशाच्या पार्श्वभूमीवर डोकं हललं की संपलं.

रात्री खाली उतरायचं नाही, कारण काहीही असो. लघवीसाठी रुंद तोंडाचा, घट्ट झाकणाचा डबा ठेवा. वरून खाली सोडली तर वासाची सगळी मेहनत पाण्यात. वादळ आणि विजा सुरू झाल्या तर उंच झाडावर बसणं धोक्याचं आहे. पुढचा निर्णय वनरक्षकाचा, तुमचा नाही.

चार वाजल्यापासून मध्यरात्रीपर्यंत

पहिला तास सोडून द्या. गाडीचा आणि तुमचा गोंधळ जिरायला तेवढा वेळ लागतो. पाचच्या सुमारास वानरं आणि मोर येतात. त्यांना हुसकावू नका, ते निवांत बसलेत हीच पुढच्यांसाठी खूण असते.

चितळांच्या कळपात पुढे बहुधा वयस्क मादी असते. ती उघड्यावर यायच्या आधी थांबते, कान फिरवते, पुढचा पाय आपटते. नंतर मान खाली घालते, जणू चरायला लागली. तुम्ही सुटकेचा श्वास सोडून जरा सरकता, तोच ती झटक्यात मान वर करून थेट मचाणाकडे बघते. ही तिची परीक्षा आहे. एकदा नव्हे, तीन-चार वेळा घेते. त्या वेळात पापणीसुद्धा सावकाश हलवा. खांदा अवघडला असेल तर अवघडू द्या. ती खरोखर पाण्याला तोंड लावून घोट घ्यायला लागली आणि बाकीच्या मागोमाग आल्या की मगच दुर्बीण उचला, तीही सगळ्यांच्या माना खाली असताना.

या वेळी मादीकडे न बघता तिच्या मागची झाडी बघा. मोठा नर माद्यांच्या पाच-सात मिनिटं मागे, झुडपाच्या सावलीत असतो. आडव्या फांद्यांत दोन उभ्या कमानदार रेषा दिसल्या तर ती शिंगं. माजात असेल तर त्याचा भसाडा हंबरडा आधीच ऐकू आलेला असतो, त्यावरून दिशा धरून ठेवा. तो पाण्यावर आल्यावरही सगळं लिहायची घाई नको. पेन्सिलीचा पहिला ओरखडा त्याची मान खाली गेल्यावरच.

सांबर बहुधा अंधार पडल्यावर येतं, आणि इथेच एक अडचण आहे. मेच्या मध्याला नागपूरकडे सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो. पौर्णिमेचा चंद्र त्याच सुमारास उगवतो, पण झाडीवर चढून पाण्यापर्यंत उजेड यायला तासभर लागतो. सव्वासात ते सव्वाआठ हा रात्रीतला सगळ्यात काळा वेळ. नेमका हाच वेळ लोक डबा उघडायला निवडतात. जेवण साडेसहाच्या आधी उरका. या तासात डोळे नाही, कान वापरा. वाळल्या सागाच्या पानांवर सांबराचं पाऊल जड, थांबून-थांबून पडतं. चितळांची खुडखुड एकसारखी चालते. डुकरं तर गावाला सांगत येतात.

सांबराचा ‘पोंक’ असा मोठा, घणासारखा आवाज आला आणि तो थांबून-थांबून येत राहिला, तर त्यानं वाघ-बिबट पाहिलाय किंवा हुंगलाय. तोच आवाज मचाणाच्या बाजूला तोंड करून एक-दोनदा येऊन थांबला आणि पाय आपटल्याचं ऐकू आलं, तर कारण तुम्ही आहात. मग पुढचा अर्धा तास दगड होऊन बसा. वाघ पाणी पिऊन गेल्यावरही पाणवठा लगेच गजबजत नाही, तेव्हा हताश होऊन गप्पांना सुरुवात करू नका.

चंद्र कुठे आहे

उन्हाळ्यातला पौर्णिमेचा चंद्र आकाशात दक्षिणेकडून, खालून जातो. मध्यरात्रीही तो डोक्यावर येत नाही, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर असतो. त्यामुळे तुमचं मचाण पाण्याच्या दक्षिणेला असेल तर चंद्र पाठीशी येतो. जनावराचं अंग, रंग, मानेवरचे केस दिसतात, पण शिंगं मागच्या झाडीत हरवतात. मचाण उत्तरेला असेल तर चंद्र समोर. मग जनावर काळी आकृती होतं आणि शिंगाची टोकं उलट नीट मोजता येतात, विशेषतः पाण्याच्या चमकेवर. दुसरी बाजू वाईट आहे असं लोक म्हणतात, आम्हाला नर-मादी ठरवायला तीच जास्त उपयोगी वाटते.

दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटरच्या पुढच्या भिंगाची घ्या. ४२ ला ८ नं भागलं तर सव्वापाच येतात. डोळ्याशी पडणारा प्रकाशाचा गोल तेवढ्या मिलिमीटरचा. १० बाय ४२ मध्ये तो ४.२ होतो आणि हातही जास्त थरथरतो. खिशातली ८ बाय २१ दिवसा ठीक, रात्री जवळपास आंधळी. रात्रीच्या फोटोची हौस मात्र सोडा. पूर्ण चांदण्यातही कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून (आयएसओ ३२००) आणि भिंग मोठं उघडून (एफ २.८) एक-दीड सेकंद उघडझाप लागते, तेवढा वेळ हरीण कान हलवल्याशिवाय उभं राहत नाही. फ्लॅशला मनाई असतेच, फोकससाठी लागणारा छोटा दिवासुद्धा मेनूत जाऊन बंद करा. संध्याकाळच्या फोटोंसाठी किलो-दीड किलो तांदूळ भरलेली कापडी पिशवी ट्रायपॉडपेक्षा सोयीची.

नोंद

वाघांचा अंदाज आता कॅमेरा ट्रॅपवरून, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यांवरून काढतात. पाणवठ्यावर एकच जनावर दोनदा मोजलं जाणं टळत नाही, त्यामुळे या रात्रीचे आकडे ढोबळ. तरी नोंद नीट असली तर पुढच्या मचाणावर बसणाऱ्याला आणि त्या बीटच्या (वनरक्षकाकडे सोपवलेल्या जंगलाच्या भागाच्या) वनरक्षकाला ती कामाची. प्रत्येक ओळीत वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू, न ओळखलेले, आलेली दिशा आणि गेलेली दिशा. एकाच कळपाची ये-जा चालू असेल तर बेरीज करू नका, एका नजरेत दिसलेला सगळ्यात मोठा आकडा लिहा. नरासमोर शिंगांची अवस्था लिहा: पक्की, लवेची, गळलेली, एक तुटलेलं. तुटलेलं टोक किंवा फाटका कान लिहिलात तर तोच नर पहाटे पुन्हा आल्यावर ओळखता येतो. शंका असेल तिथे ‘न ओळखलेले’ या रकान्यात टाकायला लाजू नका. नवखे लोक हा रकाना रिकामा ठेवतात आणि तिथेच त्यांची वही संशयास्पद होते.

दोन ते चार हा झोपेचा वेळ. तेव्हा एकानं झोपावं, एकानं बसावं. चार वाजता दोघंही जागे हवेत. उजाडायच्या आधी, साडेचार-पाचला, सांबर परतीच्या वाटेवर पुन्हा एकदा पाण्यावर येऊ शकतं, आणि फटफटल्यावर बघायला मिळाला तर रात्रभर हुलकावणी दिलेल्या नराचा रंग आणि मानेचे केस खात्रीनं पाहता येतात. गाडी येण्याआधी सामान आवरायला घेणारे हा शेवटचा मोका घालवतात.

उतरताना आधी सामान दोरीनं खाली, मग माणसं. ताटीवरची केळ्याची साल, दोरा, कागद सगळं परत न्यायचं. वाटेत गळून पडलेलं शिंग दिसलं तर जागा वनरक्षकाला दाखवा, हात लावू नका. ते जंगलातून बाहेर नेणं हा गुन्हा आहे, आणि गेटवर पिशव्या तपासतात. जमिनीवरच्या शिंगातलं कॅल्शियम सायाळ आणि इतर प्राणी कुरतडून खातात, ते तिथेच कामी येतं. वहीवर सही करून ती गेटवर द्या, आणि ताटीचा कुठला बांबू करकरत होता तेही तिच्यात लिहून ठेवा.